कोणते सभासद? कोणत्या पेट्या?

वाचकांच्या इंग्रजीच्या शंका

गेल्या अंकात मिश्र वाक्यांवर थोडं लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं 'हू', 'विच', 'दॅट' आणि त्यांच्या आजूबाजूच्या स्वल्पविरामांबद्दल आहेत. मी कळव्याला मराठी माध्यमाच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होते, तेव्हाही मुलं नेमकी इथेच अडायची. हुशार मुलंसुद्धा अडायची, कारण इथे मराठीची आणि इंग्रजीची चाल अगदी वेगळी आहे. ती एकदा समजली की पुढचं फार कठीण नाही. म्हणून या वेळचं सगळं पान याच विषयाला देते आहे. उदाहरणातली इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा, आणि स्वल्पविराम असेल तिथे खरोखर थांबा. निम्मं व्याकरण कानालाच कळतं.

प्रश्न: नमस्कार बाई. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा मी सचिव आहे. फलकावर नोटीस लावली होती: 'मेंबर्स, हू हॅव नॉट पेड देअर ड्यूज, आर रिक्वेस्टेड टू मीट द सेक्रेटरी.' दुसऱ्या दिवशी बी विंगमधले एक काका तावातावाने घरी आले. त्यांचा मेंटेनन्स कधी एक दिवसही थकलेला नाही. म्हणाले, 'तुम्ही सगळ्यांनाच थकबाकीदार ठरवलंत.' मी व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये वाक्य घालून पाहिलं, त्याने एकही चूक दाखवली नाही. मग काका उगाच रागावले का?

उत्तर: काकांचा राग रास्त आहे. तुम्ही जे लिहिलं तेच त्यांनी वाचलं.

दोन स्वल्पविरामांच्या मधला मजकूर इंग्रजी वाचणारा माणूस कंसात घातल्यासारखा वाचतो. तो जादा माहितीचा असतो. काढून टाकला तरी उरलेलं वाक्य उभं राहतं आणि कोणाबद्दल बोलणं चाललंय ते बदलत नाही. तुमच्या नोटिशीतला तो भाग काढून पाहा: 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू मीट द सेक्रेटरी.' म्हणजे सगळ्या सभासदांनी भेटायचं, आणि कंसातली जादा माहिती अशी की या सगळ्यांनी पैसे भरलेले नाहीत. काकांना हेच लागलं.

आता दोन्ही स्वल्पविराम काढा: 'मेंबर्स हू हॅव नॉट पेड देअर ड्यूज आर रिक्वेस्टेड टू मीट द सेक्रेटरी.' आता 'हू'पासून 'ड्यूज'पर्यंतचं गौण वाक्य सगळ्या सभासदांमधून काही जणांना निवडतं. ज्यांनी भरले नाहीत ते यावेत, बाकीच्यांशी या नोटिशीचा संबंध नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत निवडणाऱ्या वाक्याला डिफायनिंग आणि भर घालणाऱ्या वाक्याला नॉन-डिफायनिंग म्हणतात. मी वर्गात 'निवडणारं' आणि 'भर घालणारं' असंच म्हणत असे. नाव विसरलं तरी काम लक्षात राहावं, एवढाच हेतू.

मराठी माणसाने याची परीक्षा मराठीतूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. तीच नोटीस मराठीत लिहिली असती तर तुम्ही काय लिहिलं असतं? 'ज्या सभासदांनी वर्गणी भरलेली नाही, त्यांनी सचिवांना भेटावे.' 'ज्या' आणि 'त्यांनी' ही जोडी आली की मराठीत निवड झाली. ऐकणाऱ्याला संशयच राहत नाही, कारण 'ज्या' म्हणताक्षणीच कळतं की आता कोणते ते सांगणार आहेत. इंग्रजीत अशी जोडी नाही. तिथे नाम आधी येऊन जातं आणि 'हू' मागून येतं, त्यामुळे निवड चालली आहे की नुसती भर, हे दाखवायला लिहिताना स्वल्पविराम आणि बोलताना थांबा एवढंच हाताशी असतं. तेव्हा तुमचं वाक्य मराठीत 'जो–तो'च्या साच्यात अर्थ न बदलता बसलं, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको.

आणि बसलं नाही तर? हे वाक्य घ्या: 'अवर वॉचमेन, हू वर्क ट्वेल्व्ह अवर्स अ डे, डिझर्व्ह अ बोनस.' मराठीत आपण सरळ दोन वाक्यं करू. 'आमचे वॉचमन रोज बारा तास काम करतात. त्यांना बोनस मिळायलाच हवा.' दोन वाक्यं करणं जिथे स्वाभाविक वाटतं, तिथे इंग्रजीत स्वल्पविराम हवेत, आणि दोन्ही हवेत. याच वाक्यातले स्वल्पविराम काढलेत तर बोनस फक्त बारा तास करणाऱ्यांना मिळेल आणि आठ तासांच्या पाळीचा वॉचमन बाहेर राहील. पैशाचा प्रश्न असतो तिथे हे फार जपायला हवं.

अ‍ॅपने चूक दाखवली नाही, कारण तुमची दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्धच आहेत. किती सभासदांचे पैसे थकलेत हे अ‍ॅपला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. अर्थ ठरवण्याचं काम लिहिणाऱ्याचंच राहतं.

जाता जाता एक सांगते. मोडीतली जुनी पत्रं पाहिलीत तर त्यात शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि विरामचिन्हंही नसतात. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे स्वल्पविराम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला आणि तोवर 'जो–तो', 'जेव्हा–तेव्हा', 'जिथे–तिथे' या जोड्यांनी आपली लांबलचक वाक्यं बिनचूक पेलली. मराठी लिहिताना स्वल्पविराम इकडचा तिकडे गेला तरी सहसा काही अडत नाही. तीच मोकळीक घेऊन आपण इंग्रजीत जातो, आणि अडतं ते तिथे.

प्रश्न: बाई, मी दिघ्याला राहते, दहावीत आहे. 'नाउन इन अपोझिशन' म्हणजे नक्की काय? सर म्हणाले, 'विच इज' काढलं की अपोझिशन होतं. मग ते नेहमी काढता येतं का?

उत्तर: तुझ्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीचं संविधानाच्या उद्देशिकेचं पान उघड. इंग्रजी उद्देशिका अशी सुरू होते: 'वी, द पीपल ऑफ इंडिया, हॅविंग सॉलम्नली रिझॉल्व्ड…' 'वी' म्हणजे कोण? 'द पीपल ऑफ इंडिया.' एका नामाच्या किंवा सर्वनामाच्या शेजारी, त्याच व्यक्तीला किंवा वस्तूला दुसऱ्या शब्दांत सांगणारं दुसरं नाम ठेवलं की ते अपोझिशन. मराठी व्याकरणात त्याला समानाधिकरण म्हणतात. आपल्या उद्देशिकेतही तीच रचना आहे: 'आम्ही, भारताचे लोक,'. दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम नीट बघून घे. यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही, आणि ते तुझ्याकडे रोज दप्तरात असतं.

आता सरांचं म्हणणं. हे वाक्य बघ: 'सिडको, विच इज द कॉर्पोरेशन दॅट प्लॅन्ड नवी मुंबई, वॉज सेट अप इन 1970.' यातलं 'विच इज' काढ. 'सिडको, द कॉर्पोरेशन दॅट प्लॅन्ड नवी मुंबई, वॉज सेट अप इन 1970.' गौण वाक्य गेलं, त्याच्या जागी अपोझिशन आलं. अर्थ तोच राहिला आणि वाक्य सुटसुटीत झालं. सरांनी बरोबर सांगितलं.

पण हे नेहमी जमत नाही. 'विच इज'च्या पुढे नाम असेल तरच अपोझिशन होतं. 'ऐरोली, विच लाइज ऑन द क्रीक, इज ग्रोइंग' यात 'इज' नाहीच, 'लाइज' हे निराळं क्रियापद आहे, तेव्हा 'विच' काढलंस की वाक्य मोडेल. 'द टेंपल, विच इज व्हेरी ओल्ड, इज निअर द लेक' यात 'विच इज' काढून 'द टेंपल, व्हेरी ओल्ड, इज निअर द लेक' असं कोणी लिहील, पण 'व्हेरी ओल्ड' हे विशेषण आहे, ते काही देवळाचं दुसरं नाव नव्हे. पेपरात त्याला अपोझिशन म्हणू नकोस.

खात्री करून घ्यायची असेल तर अदलाबदल करून बघ. पहिलं नाम काढून फक्त दुसरं ठेव: 'द कॉर्पोरेशन दॅट प्लॅन्ड नवी मुंबई वॉज सेट अप इन 1970.' वाक्य ठणठणीत उभं राहिलं, म्हणजे ते अपोझिशन. 'व्हेरी ओल्ड इज निअर द लेक' असं म्हणून बघ, तूच हसशील.

एक जागा मात्र फसवी आहे. संविधानाचा पहिलाच अनुच्छेद म्हणतो, 'इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.' इथलं 'दॅट इज' म्हणजे 'जे आहे' नव्हे. त्याचा अर्थ 'म्हणजेच'. 'भारत' हे 'इंडिया'चं समानाधिकरण आहे आणि 'दॅट इज' ही मधली ओळख करून देणारी जोडणी. हा फरक तुला सांगता आला तर वर्गात सगळ्यांना समजावून सांग.

प्रश्न: आम्ही काही मित्र रविवारी ठाण्यात हेरिटेज वॉक घेतो. माहितीपत्रकाचा इंग्रजी मजकूर मी लिहितो. 'गडकरी रंगायतन, द थिएटर बाय मासुंदा लेक इज नेम्ड आफ्टर राम गणेश गडकरी, द मराठी प्लेराइट.' एका पाहुण्याने पहिल्या भागावर लाल खूण केली आणि दुसरा भाग तसाच सोडला. दोन्हीकडे एकेकच स्वल्पविराम आहे, मग एक चूक आणि एक बरोबर कसा?

उत्तर: पाहुण्याची नजर चांगली आहे. वाक्याच्या मध्ये आलेल्या समानाधिकरणाला दोन स्वल्पविराम लागतात, एक आत शिरताना आणि एक बाहेर पडताना. तुमच्या वाक्यात 'लेक'नंतरचा राहिला. दुसरं समानाधिकरण वाक्याच्या शेवटी आहे, तिथे बाहेर पडण्याचं काम पूर्णविरामच करतो. माझ्याकडे आलेल्या मजकुरांत सगळ्यात जास्त वेळा राहून गेलेली खूण कोणती असेल, तर हा दुसरा स्वल्पविराम. समानाधिकरण लांबलं की लिहिणारा ते सुरू कुठे झालं हेच विसरतो.

तुमच्या पत्रकात पहिल्या रेल्वेचं वाक्यही आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, तिला तीन इंजिनं जोडली होती. तुम्ही लिहिलंय: 'थ्री इंजिन्स, साहिब, सिंध अँड सुलतान, पुल्ड द ट्रेन.' स्वल्पविराम नियमाने बरोबर आहेत, पण वाचणारा क्षणभर गोंधळतो. 'थ्री इंजिन्स' ही एक वस्तू, 'साहिब' ही दुसरी, अशी चार जणांची यादीच वाटते. समानाधिकरणाच्या पोटात यादी असेल तेव्हा बाहेरच्या दोन स्वल्पविरामांच्या जागी डॅश द्या: 'थ्री इंजिन्स — साहिब, सिंध अँड सुलतान — पुल्ड द ट्रेन.' डॅशही दोन हवेत. आणि क्रियापद नेहमी मूळ नामाच्या वचनाने चालतं, मधल्या नामाच्या नाही: 'द लेक्स, द प्राइड ऑफ ठाणे, आर…' इथे 'प्राइड' एकवचनी असलं तरी 'आर'च येणार.

प्रश्न: मी वाशीच्या फळबाजारात वडिलांच्या गाळ्यावर बसतो. बाहेरगावच्या खरेदीदारांना मेल मी करतो. मागच्या हंगामात लिहिलं: 'वी हॅव बॉक्सेस फ्रॉम देवगड अँड बॉक्सेस फ्रॉम रत्नागिरी विच आर रेडी फॉर डिस्पॅच.' मला म्हणायचं होतं की दोन्हीकडच्या पेट्या तयार आहेत. समोरच्याने फक्त रत्नागिरीच्या पेट्यांची गाडी पाठवली. चूक कोणाची?

उत्तर: खरेदीदाराने वाक्य जसं वाचलं तसं बहुतेक इंग्रजी वाचणारे वाचतील. 'विच' आपल्या सर्वांत जवळच्या नामाला चिकटतं, आणि जवळ होत्या रत्नागिरीच्या पेट्या. दोन्हीकडच्या पेट्यांना ते लागू करायचं तर वाक्यच फिरवायला हवं होतं: 'बॉक्सेस फ्रॉम बोथ देवगड अँड रत्नागिरी आर रेडी फॉर डिस्पॅच.' 'विच'ची गरजच उरत नाही.

तुम्हाला हे बारीक वाटेल, पण याच प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लॉकहार्ट नावाच्या माणसाचा खटला चालला. कायद्यात तीन गुन्ह्यांची यादी होती आणि शेवटच्या गुन्ह्यामागे 'अल्पवयीन व्यक्तीशी संबंधित' अशा अर्थाचे शब्द होते. ते शब्द फक्त शेवटच्या गुन्ह्याला लागतात की तिन्हींना? त्यावर आरोपीची किमान दहा वर्षांची शिक्षा अवलंबून होती. 2016 मध्ये निकाल लागला. सहा न्यायाधीश म्हणाले, जवळच्यालाच लागतात. दोघे म्हणाले, तिन्हींना. जन्मभर इंग्रजीतच कायदा वाचणाऱ्यांचं जिथे एकमत होत नाही, तिथे आंब्याच्या मेलमध्ये कशाला धोका पत्करायचा? 'हू', 'विच' किंवा 'दॅट' लिहिलंत की बोट मागे सरकवा आणि सगळ्यात जवळच्या नामावर ठेवा. तुम्हाला तेच नाम हवं असेल तर ठीक, नसेल तर वाक्य पुन्हा लिहा. मराठीत नाम 'ज्या पेट्या' असं सर्वनामाला बांधूनच येतं, म्हणून ही काळजी घ्यायची आपल्याला सवय नाही.

प्रश्न: खारघरला राहते, यंदा इंजिनिअरिंग संपलं. अर्जाच्या पत्राचं पहिलंच वाक्य लिहिलंय, 'अ सिन्सिअर अँड हार्डवर्किंग स्टुडंट, माय मार्क्स हॅव ऑल्वेज बीन गुड.' मैत्रीण म्हणते, काहीतरी खटकतंय.

उत्तर: मैत्रिणीचं ऐक. सुरुवातीला आलेलं समानाधिकरण स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाला जाऊन लागतं. इथे ते नाम 'माय मार्क्स' आहे. म्हणजे तुझे मार्क हेच सिन्सिअर विद्यार्थी झाले. पुढचं नाम तू स्वतः असायला हवीस: 'अ सिन्सिअर अँड हार्डवर्किंग स्टुडंट, आय हॅव ऑल्वेज स्कोअर्ड वेल.' व्याकरण आता सुटलं.

पण मला हे वाक्यच नकोसं वाटतं. 'सिन्सिअर' आणि 'हार्डवर्किंग' प्रत्येकाच्या अर्जात असतं, वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. समानाधिकरणाची जागा मोलाची असते, तिथे खरी माहिती ठेव. तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प काय होता ते पत्रात खाली लिहिलंयस, तेच वर आण: 'माय फायनल-इयर प्रोजेक्ट, अ लो-कॉस्ट सेन्सर फॉर वॉटर टँक्स, इज नाउ इन यूज इन अवर बिल्डिंग.' एका वाक्यात प्रकल्प कळला, तो चालतो हेही कळलं, आणि मेहनती आहेस हे न सांगता कळलं. हे पत्र पाठवण्याआधी मला पुन्हा एकदा दाखवलंस तर आनंद होईल.

प्रश्न: 'दॅट' की 'विच'? माझे अमेरिकेतले साहेब प्रत्येक 'विच' खोडतात. (महापे)

उत्तर: स्वल्पविरामानंतर भर घालणारं वाक्य असेल तर 'विच'च, तिथे 'दॅट' चालत नाही. निवडणारं वाक्य असेल तर ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, अमेरिकी संपादक 'दॅट'चा आग्रह धरतात. ही वाटणी करावी अशी सूचना फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 मध्ये उचलून धरली होती, पण ती जास्त पाळली गेली अमेरिकेत. तुमचे साहेब अमेरिकेत आहेत, तेव्हा निवडताना 'दॅट' लिहा. मात्र त्यांनी स्वल्पविरामानंतरचं 'विच' खोडलं तर नम्रपणे विचारा, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे.

प्रश्न: 'माय डॉग मोती' की 'माय डॉग, मोती,'? आमच्या नातवाची आणि त्याच्या बाईंची यावरून चर्चा झाली. (नौपाडा)

उत्तर: घरात कुत्रे किती, त्यावर आहे. दोन-तीन असतील तर 'मोती' हे नाव त्यातून एक निवडतं, म्हणून स्वल्पविराम नको. एकच असेल तर 'माय डॉग' म्हटल्यावरच तो कोण ते ठरलं, नाव ही जादा माहिती, म्हणून काटेकोर नियमाने दोन्हीकडे स्वल्पविराम. एका शब्दाच्या नावाला एवढा काटेकोरपणा हल्ली बरेच संपादक धरत नाहीत आणि स्वल्पविराम न दिलेला चालवून घेतात. तसंच 'द पोएट कुसुमाग्रज' यात स्वल्पविराम नको, कारण कवी पुष्कळ आहेत आणि नाव त्यातला एक निवडतं. उलटं लिहिलं, 'कुसुमाग्रज, द पोएट,', की मात्र हवेत. नातवाला आधी विचारा, त्याने निबंधात घरच्या दुसऱ्या कुत्र्याबद्दल काही लिहिलंय का. लिहिलं असेल तर तो बरोबर, नसेल तर बाई.